गर्भपाताच्या गोळ्या : घेण्याआधी काय माहीत हवे?

प्रश्न : माझे वय 29. दीड वर्षाचा मुलगा आहे. पाळी दहा दिवस चुकली म्हणून घरी चाचणी केली, तर दोन रेषा आल्या. आम्हा दोघांनाही एवढ्यात दुसरे मूल नको आहे. निरोध वापरत होतो, तरी असे झाले. शेजारच्या वहिनी म्हणतात, मेडिकलमधून पाच गोळ्यांचे पाकीट आण, दोन दिवसांत मोकळी होशील. मोठ्या जाऊबाई म्हणतात, त्या गोळ्यांनी पिशवी खराब होते, त्यापेक्षा सरळ क्युरेटिंग करून टाक. डॉक्टरांकडे गेले की सोनोग्राफी करायला लावतात आणि नवऱ्याची सही मागतात, असेही कानावर आले आहे. सगळ्यात जास्त गोंधळ दिवसांचा. माझ्या हिशेबाने तीनच आठवडे झाले, पण मोबाइलमधले अॅप पाच आठवडे दाखवते. यातले खरे काय? – एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : तुम्हाला थांबायला लावणे बरोबर नव्हते, म्हणून आवश्यक तेवढे आधीच पत्राने कळवले आहे. तुमच्या शंका अनेक घरांत बोलल्या जातात, पण दबक्या आवाजात. त्यामुळे सविस्तर उत्तर इथे देतो.

सुरुवात दिवसांपासून करू, कारण पुढची बहुतेक उत्तरे त्यांच्यावर अवलंबून आहेत. गर्भ नेमक्या कोणत्या दिवशी राहिला हे सहसा कुणालाच सांगता येत नाही. शेवटची पाळी कधी आली होती, हे मात्र बहुतेकींना आठवते. म्हणून जगभरचे डॉक्टर शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून आठवडे मोजतात. पाळी 28 दिवसांची असेल, तर गर्भ साधारण चौदाव्या दिवसाच्या आसपास राहतो. म्हणजे या मोजणीतले पहिले दोन आठवडे गर्भ राहण्याच्या आधीचेच असतात. तुमचे 28 आणि वरचे 10 मिळून 38 दिवस झाले, म्हणजे 5 आठवडे 3 दिवस. संबंधापासून मोजले तर तुमचे तीन आठवडेही बरोबर आहेत. पण गोळ्यांची मुदत, कायद्यातली मुदत आणि सोनोग्राफीचा अहवाल, सगळे पाळीपासूनच्या मोजणीत बोलतात. तेव्हा दवाखान्यात जाताना शेवटच्या पाळीची तारीख कागदावर लिहून न्यावी.

भारतात या गोळ्यांना 9 आठवड्यांपर्यंत, म्हणजे 63 दिवसांपर्यंत परवानगी आहे. पाळी नियमित असेल तर ती चुकल्याच्या तारखेपासून पाच आठवडे मिळतात. पत्र लिहिले त्या दिवशी तुमच्या हाती 25 दिवस होते. घाबरून त्याच रात्री काहीतरी गिळण्याचे कारण नव्हते आणि महिनाभर विचार करत बसण्याइतकी सवडही नव्हती. 64 व्या दिवशी गोळ्या काम करायच्या थांबतात, असे मात्र नाही. अमेरिकेत हीच मुदत 70 दिवसांची आहे आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनात 12 आठवड्यांपर्यंतच्या वापराची पद्धत दिलेली आहे. पण दिवस वाढतात तसा रक्तस्राव वाढतो, काही भाग आत राहून जाण्याची शक्यताही वाढते आणि औषधाच्या मात्रा बदलाव्या लागतात. आपल्याकडे ही रेषा 9 आठवड्यांवर आखली आहे, ती पूर्वी 7 आठवड्यांवर होती.

या मोजणीत एक खाच आहे आणि ती तुम्हाला लागू पडू शकते. मूल अंगावर पीत असेल तर पाळी मागेपुढे होते. काही जणींना गर्भ राहिल्यावरही थोडे डाग पडतात आणि ती पाळीच समजली जाते. अशा वेळी तारखेचा हिशेब एखाद्या महिन्याने चुकू शकतो. तारखेची खात्री नसेल, तर डॉक्टर तपासून किंवा सोनोग्राफी करून दिवस ठरवतात.

आता वहिनी म्हणतात ते पाकीट. त्यात मिफेप्रिस्टोनची 200 मिलिग्रॅमची एक गोळी आणि मिसोप्रोस्टॉलच्या 200 मायक्रोग्रॅमच्या चार, अशा दोन वेगळ्या औषधांच्या पाच गोळ्या असतात. गर्भ टिकायचा तर प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक लागते, कारण गर्भपिशवीचे आतले अस्तर तेच धरून ठेवते. मिफेप्रिस्टोन प्रोजेस्टेरॉनची जागा अडवून बसते. संप्रेरक शरीरात असते, पण त्याचा निरोप अस्तरापर्यंत पोहोचत नाही, त्यामुळे अस्तर सुटू लागते आणि गर्भाची वाढ थांबते. पिशवीचे तोंडही मऊ होते आणि पिशवी दुसऱ्या औषधाला जास्त प्रतिसाद देऊ लागते. हे सगळे व्हायला एक-दोन दिवस लागतात, म्हणून पहिल्या गोळीनंतर 24 ते 48 तासांनी उरलेल्या चार घ्यायच्या असतात. मिसोप्रोस्टॉलने पिशवी आकुंचन पावते आणि आतले बाहेर टाकले जाते. लवकर मोकळे व्हावे म्हणून पाचही गोळ्या एकदम घेणाऱ्या स्त्रिया आहेत, तसेच पहिल्या गोळीने काहीच झाले नाही म्हणून उरलेल्या फेकून देणाऱ्याही आहेत. पहिल्या गोळीनंतर बहुतेकींना काही जाणवत नाही, हे आधी सांगितलेले असले तर अशी चूक होत नाही.

या दोन्ही औषधांचा जन्म वेगवेगळा आहे. मिफेप्रिस्टोन 1980 च्या सुमारास फ्रान्समध्ये रूसेल उक्लाफ या कंपनीच्या प्रयोगशाळेत तयार झाले. त्यामागे एतिएन-एमिल बोलिए या शास्त्रज्ञाची प्रेरणा होती आणि 1988 मध्ये फ्रान्सने त्याला मान्यता दिली. मिसोप्रोस्टॉल मुळात पोटातल्या अल्सरचे औषध. गरोदर स्त्रियांनी ते घेऊ नये, या वेष्टनावरच्या इशाऱ्यातून ब्राझीलमधल्या सामान्य बायकांनी 1980 च्या दशकात त्याचा हा दुसरा गुण ओळखला आणि डॉक्टरांचे संशोधन त्यांच्यामागून आले. भारतात मिफेप्रिस्टोन 2002 मध्ये आले आणि एकत्र पाकिटाला 2008 मध्ये परवानगी मिळाली. जागतिक आरोग्य संघटनेने 2005 मध्येच ही जोडी अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातली.

गोळ्या चांगल्या आहेत, मग मेडिकलमधून आणून घ्यायला हरकत काय? आपल्या देशात बहुसंख्य स्त्रिया तसेच करतात. लॅन्सेट ग्लोबल हेल्थ या नियतकालिकात आलेल्या अभ्यासाचा अंदाज असा, की 2015 मध्ये भारतात सुमारे 1 कोटी 56 लाख गर्भपात झाले, त्यातले 81 टक्के गोळ्यांनी आणि जवळजवळ तीन चतुर्थांश दवाखान्याबाहेर गोळ्या घेऊन. यातल्या बहुतेक जणी सुखरूप राहिल्या असणार, नाहीतर रुग्णालये भरून वाहिली असती. म्हणून वहिनींना मी वेडगळ म्हणणार नाही. पण त्यांच्या सल्ल्यात दोन मिनिटांच्या चौकशीची जागा रिकामी राहते आणि क्वचित कुणाच्या तरी जिवावर बेततो तो प्रसंग तिथूनच येतो.

त्यातला सगळ्यात गंभीर धोका नळीत राहिलेल्या गर्भाचा. शंभरात एक-दोन वेळा गर्भ पिशवीत न रुजता गर्भनलिकेत रुजतो. घरच्या चाचणीत तेव्हाही तशाच दोन रेषा येतात. या गोळ्या नळीतल्या गर्भावर काम करत नाहीत, पण पिशवीच्या अस्तरावर करतात. त्यामुळे अंगावरून रक्त जाते, बाईला वाटते झाले काम, आणि नळीतला गर्भ वाढतच राहतो. पुढे काही दिवसांत किंवा आठवड्यांत नळी फुटते, पोटात रक्त साचते आणि तासाभरात परिस्थिती हाताबाहेर जाऊ शकते. पोटात एका बाजूला सतत किंवा तीव्र दुखणे, खांद्याच्या टोकाशी कळ, चक्कर, घाम, भोवळ असे काही झाले तर गोळ्या घेतलेल्या असोत वा नसोत, रात्र असली तरी मोठे रुग्णालय गाठायचे. आधी कधी नळीत गर्भ राहिला असेल, नळीचे ऑपरेशन किंवा जंतुसंसर्ग झाला असेल, किंवा तांबी बसवलेली असताना दिवस गेले असतील, तर ही शंका आधी फेडून घ्यावी लागते.

चौकशीत आणखी काही गोष्टी येतात. तांबी आत असेल तर आधी काढावी लागते. रक्त फार कमी असेल तर गोळ्यांनी होणारा रक्तस्राव सोसत नाही आणि आपल्याकडे रक्त कमी असणे किती सर्वसाधारण आहे हे वेगळे सांगायला नको. म्हणून हिमोग्लोबिन बघतात. रक्त पातळ करणारी औषधे चालू असणे, रक्त न गोठण्याचा आजार, दम्यासाठी किंवा सांध्यांसाठी दीर्घकाळ पोटात घेतलेली स्टिरॉइड्स, मूत्रपिंडावरच्या ग्रंथींचा आजार, पॉर्फिरिया हा आनुवंशिक विकार, यांपैकी काही असेल तर डॉक्टर दुसरा मार्ग सुचवतात. रक्तगट निगेटिव्ह असेल तर आपल्याकडचे डॉक्टर सहसा अँटी-डीचे इंजेक्शन देतात. जागतिक आरोग्य संघटनेने 2022 मध्ये 12 आठवड्यांच्या आत ते लागत नाही असे म्हटले आहे, त्यामुळे याबाबत डॉक्टरांची मते वेगळी असू शकतात. रक्तगट माहीत असणे केव्हाही चांगले. मूल अंगावर पीत असेल तर तेही सांगावे. त्यासाठी सहसा दूध तोडावे लागत नाही.

सोनोग्राफी कायद्याने सक्तीची नाही. बरेच डॉक्टर ती करतात, कारण गर्भ पिशवीत आहे ना आणि किती दिवसांचा आहे, ही दोन्ही उत्तरे एकदम मिळतात. पाचव्या आठवड्यात कधीकधी काहीच स्पष्ट दिसत नाही आणि आठवड्याने परत बोलावतात. त्याने गोंधळून जाऊ नका, दिवस हातात असतील तर त्या आठवड्याने काही बिघडत नाही. सोनोग्राफीची भीती आपल्याकडे गर्भलिंगनिदानाच्या कायद्यामुळे बसली आहे. महाराष्ट्राने तो कायदा देशात सर्वांत आधी, 1988 मध्ये केला आणि त्याचा अभिमान वाटावा असाच तो आहे. पण गर्भलिंगनिदानाचा कायदा वेगळा आणि गर्भपाताचा वेगळा. नवव्या आठवड्यात सोनोग्राफीवर मुलगा की मुलगी हे कळतच नाही.

या गल्लतीची किंमत महाराष्ट्रातल्या बायकांनी मोजली आहे. 2012 मध्ये बीड जिल्ह्यातली स्त्रीभ्रूणहत्येची प्रकरणे उघड झाल्यावर राज्यात या गोळ्यांच्या विक्रीवर कडक पहारा बसला. हिशेबाचा आणि तपासणीचा ताप नको म्हणून अनेक मेडिकलवाल्यांनी ही पाकिटे ठेवणेच सोडले. लिंग ओळखता येण्याच्या कितीतरी आधी घ्यायच्या गोळ्यांवर त्यासाठी रोख धरला गेला, हे मला आजही चुकीचे वाटते. मात्र त्याचा अर्थ चिठ्ठीविना घ्याव्यात असा नाही. या गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच मिळायच्या आहेत आणि बहुतेक दवाखान्यांत डॉक्टर स्वतःच देतात. डॉक्टर म्हणजे स्त्रीरोगतज्ज्ञ, किंवा कायद्यात सांगितलेला अनुभव आणि प्रशिक्षण असलेले एमबीबीएस. आयुर्वेद किंवा होमिओपॅथीची पदवी असलेल्यांना ही परवानगी नाही.

आता प्रत्यक्ष काय होते ते. मिसोप्रोस्टॉल गालात, जिभेखाली किंवा योनीमार्गात ठेवायचे असते. कोणत्या मार्गाने, हे डॉक्टर सांगतील. त्यानंतर एक ते चार-पाच तासांत पोटात मुरडा येऊन रक्तस्राव सुरू होतो. पाळीपेक्षा जास्त दुखते. हे लपवण्यात अर्थ नाही, कारण न सांगितलेले दुखणे जास्त घाबरवते. आयबुप्रोफेन चालते आणि त्याने गोळ्यांचा परिणाम कमी होत नाही. ते सोसत नसेल तर डॉक्टर दुसरे देतात. गरम पाण्याची पिशवीही उपयोगी पडते. थंडी वाजून अंग गरम होणे, मळमळ, एक-दोनदा जुलाब हे त्या औषधाचे नेहमीचे परिणाम आहेत आणि काही तासांत ओसरतात. रक्ताच्या गाठी जातात. पाच-सहा आठवड्यांचा गर्भ काही मिलिमीटरचा असतो, त्यामुळे गाठींखेरीज वेगळे काही दिसत नाही. नवव्या आठवड्याजवळ पांढुरकी पिशवी दिसू शकते. जोराचा रक्तस्राव काही तासांत कमी होतो, मग पाळीसारखा आणि नंतर डाग पडत दीड-दोन आठवडे चालतो. काहींचे महिनाभर रेंगाळते.

म्हणून चार गोळ्यांचा दिवस निवडताना घराचे वेळापत्रक पाहा. दीड वर्षाच्या मुलाला सांभाळणारे कुणी घरात असावे, संडास-बाथरूम जवळ असावे, त्या दिवशी प्रवास नको. मोठे पॅड आणून ठेवा. सोबत एक माणूस हवा, जो गरज पडली तर रिक्षा किंवा गाडी बोलावेल. डॉक्टरांचा नंबर आणि रात्री उघडे असणाऱ्या रुग्णालयाचे नाव त्या माणसालाही माहीत असू द्या. तालुक्याच्या गावापासून लांब, पावसात रस्ता बंद होणाऱ्या वाडीवर राहत असाल तर हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. मग चार गोळ्या दवाखान्यात घेऊन काही तास तिथेच थांबणे शहाणपणाचे.

लगेच डॉक्टर गाठण्याच्या खुणा ठरलेल्या आहेत. लागोपाठ दोन तास दर तासाला दोन किंवा अधिक मोठे पॅड पूर्ण भिजत असतील, तर. गोळ्यांच्या दिवशीचा ताप चालतो, पण दुसऱ्या दिवशीही 100.4 अंश फॅरनहाइट किंवा वर ताप राहिला, घाण वासाचा स्राव येऊ लागला किंवा औषध घेऊनही पोट दुखतच राहिले, तर. आणि चार गोळ्या घेऊन 24 तास उलटले तरी रक्तच गेले नाही, तरीही. या शेवटच्या खुणेला बायका सुदैव समजतात, पण गोळ्या लागू न पडल्याची किंवा गर्भ नळीत असल्याची ती सूचना असू शकते.

काही अडचण नसली तरी पंधराव्या दिवशी दाखवायला जायचे. शंभरातल्या सुमारे 95 ते 98 जणींचे गोळ्यांनी पूर्ण होते. उरलेल्यांत काही भाग आत राहतो आणि शंभरात एखादीचा गर्भ तसाच वाढत राहतो. ‘गोळ्या घेतल्या, पण लागू पडल्या नाहीत, तर आता राहू द्यावे’ असा विचार अशा वेळी मनात येतो. मिसोप्रोस्टॉलमुळे गर्भात व्यंग येण्याचा धोका असतो, म्हणून डॉक्टर सक्शनने, म्हणजे नळीने पिशवी रिकामी करून, गर्भपात पूर्ण करण्याचा सल्ला देतात. या धोक्याची कल्पना पहिली गोळी घेण्यापूर्वीच असायला हवी. घरी पुन्हा चाचणी करून खात्री करण्याच्या फंदात लगेच पडू नका. संप्रेरक रक्तातून उतरायला वेळ लागतो आणि गर्भपात पूर्ण झाल्यावरही तीन-चार आठवडे दोन रेषा येऊ शकतात.

जाऊबाईंची शंका बहुधा मागच्या पिढीच्या अनुभवातून आली असावी. तेव्हा क्युरेटिंग म्हणजे धातूच्या अवजाराने पिशवी खरवडणे असे, आणि जिथे अप्रशिक्षित हातांनी ते केले तिथे पिशवीला इजा झाल्याची, जंतुसंसर्ग होऊन पुढे मूल न झाल्याची उदाहरणे घडली. गोळ्यांनी गर्भपात होताना पिशवीत कोणतेही अवजार जात नाही आणि पिशवी खराब होत नाही. ज्यांना गोळ्या चालत नाहीत, नऊ आठवडे उलटले आहेत किंवा दोन आठवडे वाट बघत बसायचे नाही, त्यांच्यासाठी सक्शन हा चांगला मार्ग आहे. त्यात प्लास्टिकची मऊ नळी आत घालून हवेच्या दाबाने पिशवी रिकामी करतात. पाच-दहा मिनिटांत होते आणि त्याच दिवशी घरी जाता येते. जागतिक आरोग्य संघटना खरवडण्याची जुनी पद्धत बंद करा असेच सांगते. तेव्हा डॉक्टर क्युरेटिंग म्हणाले तर ‘म्हणजे सक्शनच ना?’ असे विचारायला संकोच करू नका.

राहिली सही. गर्भपाताचा कायदा 1971 चा. ज्या समितीच्या शिफारशींवरून तो झाला, तिचे अध्यक्ष शांतिलाल शहा महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री होते. या कायद्याप्रमाणे 18 वर्षे पूर्ण झालेल्या स्त्रीची स्वतःची लेखी संमती पुरते. नवऱ्याची नको, सासूची नको, वडिलांची नको. पत्नीने आपल्या संमतीविना गर्भपात केला म्हणून एका पतीने तिच्यावर आणि डॉक्टरांवर भरपाईचा दावा लावला होता. पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयाने 2011 मध्ये तो फेटाळला आणि 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्याला दाद दिली नाही. तरीही अनेक रुग्णालये आपल्या सोयीसाठी नवऱ्याची सही मागतात. नवरा सोबत असला आणि त्याने केली तर बिघडत नाही, पण तो नसला म्हणून तुम्हाला परत पाठवणे कायद्याला धरून नाही. हीच गोष्ट उलट बाजूनेही खरी आहे. घरच्यांना नको आहे, पण तिला हवे आहे, अशा स्त्रीला गोळ्या घ्यायला लावणे किंवा न सांगता देणे हा गंभीर गुन्हा आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम 89 मध्ये त्याला दहा वर्षांपर्यंत किंवा जन्मठेपेची शिक्षा आहे.

कायद्याने गर्भपात नुसत्या इच्छेवर मिळत नाही, कारण सांगावे लागते. 20 आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचे मत पुरते. शरीराला किंवा मनाला गंभीर इजा पोहोचण्याची शक्यता हे एक कारण, आणि गर्भनिरोधक साधन निकामी ठरणे हे त्यातच मोडते. तुम्ही निरोध वापरत होता हे सांगितलेत की कारण स्पष्ट झाले. सरकारी रुग्णालयात ही सेवा मोफत असते. गाव लहान आणि ओळखीचे असेल तर जिल्ह्याच्या ठिकाणी जाता येईल. तुमचे नाव गुप्त ठेवणे हे डॉक्टरांवर कायद्याचे बंधन आहे आणि ते मोडल्यास शिक्षा आहे.

प्रश्न : मी 22 वर्षांची, पुण्यात शिकते, अविवाहित आहे. एका दवाखान्यात ‘आईला घेऊन ये’ म्हणून परत पाठवले. लग्न न झालेल्या मुलीला हा कायदा लागू होत नाही का? – एक वाचक, पुणे

उत्तर : पूर्णपणे लागू होतो. मूळ कायद्यात गर्भनिरोधक निकामी ठरण्याचे कारण ‘विवाहित स्त्री किंवा तिचा पती’ यांच्यापुरते होते, त्यामुळे हा समज रुजला. 2021 च्या दुरुस्तीने तिथे ‘कोणतीही स्त्री किंवा तिचा जोडीदार’ असे केले. 29 सप्टेंबर 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयाने न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पीठाच्या निकालात आणखी स्पष्ट केले, की विवाहित आणि अविवाहित असा भेद करता येणार नाही आणि 20 ते 24 आठवड्यांच्या तरतुदीचा लाभही अविवाहित स्त्रीला नाकारता येणार नाही. त्या मुदतीत दोन डॉक्टरांचे मत लागते.

तुम्ही सज्ञान आहात, त्यामुळे आईची सही लागत नाही. त्या दवाखान्यात वाद घालण्यात दिवस घालवू नका, दुसरीकडे जा. आधी फोन करून ‘गर्भपाताची मान्यता आहे का, आणि वय 18 पेक्षा जास्त असताना पालक लागतील का’ असे दोनच प्रश्न विचारले तर हेलपाटा वाचेल. विश्वासातली मैत्रीण सोबत न्या, ती सहीसाठी नव्हे, तर त्या दिवशी तुमच्याजवळ थांबण्यासाठी. वसतिगृहात राहत असाल आणि तिथे हे निभावणे अवघड वाटत असेल, तर सक्शनबद्दलही विचारा. अठराच्या आतल्या मुलीसाठी मात्र पालकाची लेखी संमती लागते आणि मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या पॉक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवण्याचे बंधन डॉक्टरवर येते. त्या अहवालात मुलीची ओळख देऊ नये असे मुलीने आणि पालकांनी सांगितले तर डॉक्टरने ती देण्याची गरज नाही, असे याच निकालात म्हटले आहे. पोलिसांच्या भीतीने अशा मुलीला भोंदूंकडे नेऊ नका, एवढी कळकळीची विनंती.

प्रश्न : बाहत्तर तासांत घ्यायची गोळी आणि ही गोळी एकच का? आणि ही घेतल्यावर पुन्हा दिवस जायला अडचण येते का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : एकच नाहीत. बाहत्तर तासांच्या गोळीत लेव्होनॉर्जेस्ट्रेल असते. ती बीजांड बाहेर पडणे लांबवते, म्हणून संबंधानंतर जितकी लवकर घ्यावी तितकी चांगली. गर्भ एकदा रुजला की तिचा उपयोग नाही आणि तिने गर्भपातही होत नाही. पाळी चुकल्यावर ती घेऊन वाट पाहणाऱ्या बायका आपले मोलाचे दिवस गमावतात. कच्ची पपई, तीळगूळ, काढे यांच्या भरवशावर बसणाऱ्यांचेही तेच होते.

पुढे दिवस जायला अडचण येत नाही. उलट लक्षात ठेवायचे ते हे, की गोळ्यांनंतर दोन आठवड्यांच्या आतही बीजांड तयार होऊ शकते, म्हणजे पुढची पाळी येण्याआधीच पुन्हा दिवस जाऊ शकतात. रोजच्या गर्भनिरोधक गोळ्या मिसोप्रोस्टॉलच्या दिवसापासूनच सुरू करता येतात. तांबी गर्भपात पूर्ण झाल्याची खात्री पटल्यावर बसवतात. पंधराव्या दिवसाच्या भेटीतच ते काम उरकता येते. आणि कुटुंब पुरे झाले असेल, तर पुरुषाची बिनटाक्याची नसबंदी काही मिनिटांत होते. मात्र त्यानंतर तीन महिने, वीर्याची तपासणी होईपर्यंत, निरोध वापरावा लागतो.